ठोके नीट झालेत, मग आप्पांच्या गोळ्या बंद का नाही करायच्या?

पत्र (थोडं कापून देतोय):

"माझे वडील, आप्पा, वय ७२, आईबरोबर कराडला राहतात, मी पुण्यात. बीपी आणि शुगर जुनी आहे. फेब्रुवारीत धडधड आणि दम लागला म्हणून ॲडमिट केलं, ईसीजीत एएफ (एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांचा ताल बिघडणं) निघालं, टूडी एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ईएफ ४०, पंप कमजोर. घरी सोडताना तीन गोळ्या दिल्या. अमिओडॅरॉन २०० रोज एक, मेटोप्रोलॉल एक्सएल ५० सकाळी एक, अपिक्साबॅन ५ सकाळ-संध्याकाळ. आता दम नाही, मनगटावरच्या घड्याळात पल्स ६० च्या आसपास दिसते. गेल्या महिन्यात थायरॉइडच्या रक्ततपासणीत टीएसएच १२, म्हणजे वाढलेला, आला. आप्पांनी व्हॉट्सॲपवर वाचलं की अमिओडॅरॉनने थायरॉइड आणि फुप्फुसं जातात, म्हणून दहा दिवसांपूर्वी त्यांनी ती परस्पर बंद केली. काहीच झालं नाही, तेव्हा आता बाकीच्या पण नकोत म्हणतात. शिवाय शेजारचे काका हार्टची गोळी आठवड्यातून पाचच दिवस घेतात म्हणून हे पण शनिवार-रविवार सगळ्याच गोळ्यांना सुट्टी देतात, हे मला आईकडून आत्ता कळलं. गोळी घशात अडकते म्हणून आई खलबत्त्यात कुटून मधातून देते. सकाळी दहा-अकराला चक्कर येते. डॉक्टरांकडे गर्दी असते, नीट विचारताच येत नाही. नक्की कुठली गोळी कशासाठी आहे? आणि आषाढीला एखादा टप्पा वारीत चालायचं म्हणतात, जाऊ देऊ का?"

ताई, तुमच्या पत्रात आप्पांचं एक वाक्य आहे, "बंद केली, काहीच झालं नाही." सगळा घोळ त्या वाक्यात आहे, त्यावर येतोच. पण आधी आजच्या आज करायचं ते सांगतो, बाकी सावकाश वाचा. अपिक्साबॅनची शनिवार-रविवारची सुट्टी आजपासून रद्द, पुढच्या वेळेची गोळी वेळेवर चालू करायची, राहिलेल्या भरून काढायला डबल घ्यायची नाही. मेटोप्रोलॉल एक्सएल कुटायची नाही, आणि मनानं बंदही करायची नाही. आणि कार्डिओलॉजिस्टकडे फोन करून एवढंच सांगायचं की अमिओडॅरॉन दहा दिवस बंद आहे, टीएसएच १२ आहे, सकाळी चक्कर येते. शेजारचे काका किंवा व्हॉट्सॲप जे काय म्हणतं ते नंतर.

आता एएफ म्हणजे काय ते थोडक्यात. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात एक छोटी गाठ असते, ती मिनिटाला साठ-सत्तर वेळा विजेचा हलका झटका सोडते, तो झटका वरच्या दोन्ही कप्प्यांतून पसरतो, मधल्या एका चौकीवर जरा थांबतो आणि मग खालच्या मोठ्या कप्प्यांना मिळतो, ते आवळतात आणि आपल्याला नाडी लागते. एएफमध्ये वरच्या कप्प्यांत एक झटका राहतच नाही, मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे असे बारके बारके झटके इकडून तिकडे फिरत बसतात, कप्पा आवळत नाही, नुसता थरथरतो. मधली चौकी म्हणजे आपला टोलनाका समजा, सगळ्या गाड्या एकदम सोडत नाही म्हणून माणूस वाचतो, तरी मिनिटाला १४०-१५० पर्यंत सुटतात आणि त्या सुद्धा कशाही अंतरानं. आप्पांना धडधड आणि दम त्याचाच होता. ईएफ ४० पण कदाचित त्याचाच असेल, कारण हृदय आठवडेच्या आठवडे जोरात पळत राहिलं की पंप थकतो, आणि वेग आवरला की काही लोकांत तो पुष्कळ सुधारतो. पुढचा टूडी एको कधी करायचा हे विचारून ठेवा, त्यावर बरंच ठरतं.

म्हणजे त्रास तीन प्रकारचा झाला. वर ताल बिघडलाय, खाली वेग वाढलाय, आणि थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून राहतं त्यामुळे तिथं गुठळी व्हायची भीती. डावीकडच्या वरच्या कप्प्याला कानासारखी एक पिशवी असते, गुठळ्या बहुतेक तिथंच होतात, आणि तिथून सुटलेली गुठळी थेट मेंदूकडे जाऊ शकते. तीन त्रास म्हणून तीन गोळ्या. अमिओडॅरॉन तालासाठी, मेटोप्रोलॉल वेगासाठी, अपिक्साबॅन गुठळीसाठी. एकीचं काम दुसरी करत नाही. चिठ्ठीवर तिन्ही एकाखाली एक लिहिलेल्या असतात त्यामुळे घरात त्यांना "हार्टच्या गोळ्या" असं एकच नाव पडतं आणि एक बंद केली काय आणि तिन्ही बंद केल्या काय असं वाटायला लागतं.

आणि आता ते वाक्य. आप्पांनी अमिओडॅरॉन बंद केली आणि काही झालं नाही, बरोबर आहे, व्हायचंच नव्हतं. ही गोळी शरीरातल्या चरबीत, लिव्हरमध्ये, फुप्फुसात साठून राहते. महिनोन् महिने घेतल्यावर बंद केली तर अंगातली निम्मी जायलाच सरासरी पन्नास-साठ दिवस लागतात, कुणाला पंधरा दिवस, कुणाला शंभराच्या वर. म्हणून तर सुरुवातीला जास्त डोस देऊन साठा भरतात आणि मग रोज एकवर आणतात, आप्पांना पण पहिले आठवडे दिवसातून तीन, मग दोन असं दिलं असेल, जुनी चिठ्ठी बघा. दहा दिवसांत त्यांनी गोळी बंद केलीय पण औषध बंद झालेलं नाही, ते अजून काम करतंय. खरा निकाल ऑगस्ट-सप्टेंबरात लागेल, तेव्हा धडधड परत आली तर कुणालाच आठवणार नाही की जूनमध्ये गोळी सोडली होती.

अपिक्साबॅनचं अगदी उलटं. तिचा असर साधारण बारा तासांत निम्म्यावर येतो, म्हणून तर दिवसातून दोनदा. शनिवारी सकाळची चुकली, संध्याकाळची चुकली, की रविवारी त्यांच्या रक्तात त्या गोळीचं संरक्षण जवळजवळ नाहीच. आणि गंमत बघा, ही बंद केल्यावरही "काहीच होत नाही", ना दम ना धडधड ना चक्कर, कारण ही गोळी कुठलाच त्रास कमी करत नाही, ती फक्त एक गोष्ट होऊ देत नाही. जे होऊ देत नाही ते झालं तर ते धडधडीसारखं हळूहळू सांगून येत नाही, सकाळी चहाचा कप हातातून पडतो आणि तोंड वाकडं झालेलं असतं. मेटोप्रोलॉलचं तिसरंच घड्याळ, एक्सएल गोळी साधारण एक दिवस पुरते, आणि ती एकदम सोडली की दाबून धरलेलं हृदय उसळी मारतं, वेग वाढतो, बीपी वाढतं, ज्याच्या हृदयाच्या नळ्या अरुंद आहेत त्याला छातीत दुखू शकतं. सोडायची वेळ आलीच तर डॉक्टर आठवडा-दोन आठवड्यांत पायरीपायरीनं उतरवतात. म्हणजे आप्पांनी तिन्हीतली सगळ्यात सावकाश उतरणारी गोळी सोडून बघितली आणि त्यावरून बाकीच्या दोघींबद्दल मत बनवलं, आणि शनिवार-रविवारची सुट्टी मात्र त्या दोघींना जास्त नडते.

शेजारच्या काकांचं कोडं सोपं आहे. आठवड्यातून पाच दिवस म्हणजे जवळपास नक्की डिगॉक्सिन. आपल्याकडे डॉक्टर लोक ती पाच दिवस देऊन दोन दिवस गॅप ठेवतात, कारण तिचा उपयोगी डोस आणि विषारी डोस यात अंतर फार थोडं असतं आणि म्हातारपणी किडनी सावकाश झाली की ती अंगात साचते. मळमळ, जेवण नकोसं होणं, दिसणारं सगळं पिवळट वाटणं ही साचल्याची लक्षणं. औषध फार जुनं आहे, फॉक्सग्लोव्ह नावाच्या विलायती झाडाच्या पानांचं, विल्यम विदरिंग या इंग्लिश डॉक्टरानं १७८५ मध्ये त्यावर आख्खं पुस्तक लिहिलं होतं. ती पण टोलनाक्यावरच काम करते, वेग कमी करते, पण बसलेल्या माणसात चांगली आणि चालणाऱ्या माणसात कमी. काकांची सुट्टी त्यांच्या गोळीची आहे, ती आप्पांच्या गोळ्यांना लागू नाही. उद्या काकांना कुणी अमिओडॅरॉन सुरू केली तर त्यांच्या डिगॉक्सिनचा डोस साधारण निम्मा करावा लागतो हेही कानावर घाला, उगाच गोळ्यांची देवाणघेवाण नको.

आता अमिओडॅरॉन. हिच्याबद्दल व्हॉट्सॲपवर आलेलं खोटं नाही, अर्धवट आहे. हृदयाच्या प्रत्येक पेशीवर सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमची बारकी दारं असतात, ती ठरलेल्या क्रमानं उघडतात-मिटतात, त्यातून वीज तयार होते. पेशी एकदा आवळली की क्षणभर विश्रांती घेते, त्या क्षणात तिला कितीही डिवचलं तरी ती हलत नाही. तालाच्या गोळ्यांचं मुख्य काम म्हणजे एकतर झटक्याचा पसरायचा वेग कमी करायचा नाहीतर ही विश्रांती लांबवायची, म्हणजे इकडून तिकडे भटकणारा झटका जिथं जाईल तिथं पेशी अजून झोपलेल्याच सापडतात आणि तो विझतो. कुठली गोळी कुठलं दार धरते यावरून ऑक्सफर्डच्या वॉन विल्यम्सनी १९७० च्या सुमारास चार गट पाडले, ते अजून चालतात. पहिला सोडियमवाला, दुसरा बीटा ब्लॉकर म्हणजे आपलं मेटोप्रोलॉल, तिसरा पोटॅशियमवाला, चौथा कॅल्शियमवाला. अमिओडॅरॉन कागदोपत्री तिसऱ्यात बसते पण चारही ठिकाणी हात मारते, म्हणून ती जोरदार आहे आणि म्हणूनच उपद्व्यापी पण.

मग डॉक्टरांनी दुसरी साधी गोळी का नाही दिली असं तुम्ही विचाराल. उत्तर त्या ईएफ ४० मध्ये आहे. अमेरिकेत १९८० च्या दशकात हार्ट ॲटॅकनंतरच्या लोकांना जादा ठोके पडतात म्हणून फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड या पहिल्या गटातल्या गोळ्या सर्रास द्यायचे, जादा ठोके खरोखर गायब व्हायचे, ईसीजी एकदम सुंदर. मग कास्ट नावाची मोठी चाचणी घेतली, निम्म्यांना गोळी आणि निम्म्यांना नुसती साखरेची गोळी, आणि १९८९ मध्ये त्यातला हा भाग मधेच थांबवावा लागला कारण खऱ्या गोळीवाल्यांत मृत्यू दुपटीहून जास्त निघाले. सगळ्या हार्टवाल्या डॉक्टरांचा माज तेव्हा उतरला असं मला वाटतं. तालाच्या गोळ्याच काही हृदयांत नवा आणि जास्त वाईट ताल पैदा करतात, विशेषतः जिथं ॲटॅकचा जुना वण आहे किंवा पंप कमजोर आहे. फ्लेकेनाइड, प्रोपाफेनोन आजही छान चालतात, पण बाकी धडधाकट हृदयात. पुण्या-मुंबईत चाळिशीतले काही पेशंट खिशात एकच डोस ठेवतात आणि एएफची धडधड सुरू झाली तरच घेतात, पण ते आधी डॉक्टरांसमोर करून बघितलेलं असतं. आप्पांसारख्या कमजोर पंपात ती दारं बंद, चौथ्या गटातली डिल्टियाझेम पण नको, म्हणून अमिओडॅरॉन. डॉक्टरांनी उगाच भारी गोळी दिलेली नाही, नाइलाजानं आणि विचार करून दिलीय.

आता थायरॉइड. अमिओडॅरॉनच्या वजनात जवळजवळ ३७ टक्के आयोडीन असतं. एका २०० च्या गोळीत साधारण ७५ मिलिग्रॅम, त्यातलं सहाएक मिलिग्रॅम रोज मोकळं होतं, आणि माणसाला दिवसाला लागतं ०.१५ मिलिग्रॅम. म्हणजे चाळीसपट. एवढ्या आयोडीनच्या माऱ्यात थायरॉइड गोंधळली तर नवल काय. बहुतेकदा ती मंदावते, टीएसएच वर जातो, आप्पांचं तसंच दिसतंय. आणि ऐका, मंदावलेली थायरॉइड हे अमिओडॅरॉन बंद करायचं कारण असेलच असं नाही, फ्री टी४ (थायरॉइडच्या हार्मोनची पातळी) सोबत टेस्ट परत करतात आणि गरज पडली तर थायरॉक्सिनची छोटी गोळी जोडतात, दोन्ही सुखानं बरोबर चालतात. फक्त थायरॉक्सिन ७२ वर्षांच्या हृदयात अगदी बारक्या डोसनं सुरू करायची असते, तेव्हा कराडच्या फॅमिली डॉक्टरांनी लिहून दिली तरी हार्टवाल्यांच्या कानावर घालून मगच. उलटा प्रकार, म्हणजे थायरॉइड जास्त पळायला लागणं, टीएसएच अगदी शून्याजवळ जाणं, वजन झरझर उतरणं, हात थरथरणं, आटोक्यात असलेली धडधड अचानक परत येणं, तो जास्त वाईट, आणि गोळी बंद केल्यावर कित्येक महिन्यांनीसुद्धा होऊ शकतो. म्हणून गोळी थांबली तरी टीएसएच बघणं थांबवायचं नाही.

फुप्फुसाचं म्हणाल तर धोका खरा आहे पण थोड्यांना होतो, आणि रोज ४०० मिलिग्रॅमच्या वर घेणाऱ्यांत जास्त. आप्पांचा डोस २०० आहे. लक्षण म्हणजे नवा कोरडा खोकला आणि पूर्वी न लागणारा दम, आठवडेच्या आठवडे न जाणारा. आपल्या घरांत असा खोकला आला की आधी ज्येष्ठमध, आल्याचा रस, मग मेडिकलमधून कफ सिरप, मग अँटिबायोटिक, असा दीड महिना निघून जातो. आप्पांच्या बाबतीत ते करू नका, खोकला दोन आठवडे टिकला की एक्सरे. ज्येष्ठमध तर मुळात नकोच, रोज घेतलं तर पोटॅशियम कमी करतं, आणि पोटॅशियम कमी असताना अमिओडॅरॉन आणि डिगॉक्सिन दोन्ही बिथरतात. सुरुवातीलाच एक छातीचा एक्सरे काढून ठेवलाय का बघा, नसेल तर आत्ता काढा, पुढं तुलनेला लागतो. थायरॉइड आणि लिव्हरच्या टेस्ट दर सहा महिन्यांनी, ईसीजी आणि एक्सरे वर्षातून एकदा तरी. डोळ्यांच्या बुबुळावर बारीक थर जवळपास सगळ्यांनाच बसतो, रात्री दिव्याभोवती वलय दिसतं, त्यानं नजर सहसा जात नाही, पण नजर खरोखर कमी वाटली तर डोळ्याच्या डॉक्टरांकडे लगेच. आणि ऊन. ही गोळी घेणाऱ्याची कातडी उन्हात पटकन भाजते, काहींचा चेहरा काही वर्षांत निळसर-राखाडी होतो. फुल शर्ट, रुंद कडेची टोपी, कान-मान झाकणारं उपरणं.

आता माझं स्वतःचं मत, कार्डिओलॉजिस्टना विचारायला. आप्पांनी गोळी परस्पर सोडली ते चुकलं पण त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. अमिओडॅरॉन किती महिने, हा प्रश्न प्रत्येक घरानं विचारायलाच हवा. कितीतरी पेशंट असे असतात की हॉस्पिटलमधून सुटताना ती लिहिली गेली आणि मग दर महिन्याला दुकानदार तीच पट्टी देत गेला, वर्षं निघून गेली, थांबवायची का हे कुणी बघितलंच नाही. पर्याय असतात. ताल तसाच राहू देऊन नुसता वेग आवरायचा, २००२ मध्ये अमेरिकेतल्या अफर्म नावाच्या चार हजार पेशंटांच्या चाचणीत ताल सुधारणाऱ्यांपेक्षा वेग आवरणारे जास्त दगावले नाहीत असंच निघालं. पण २०२० च्या ईस्ट चाचणीत आजार नवा असतानाच ताल धरला तर काही फायदा दिसला, म्हणून आता आप्पांसारख्या नव्या, पंप कमजोर असलेल्या पेशंटमध्ये ताल धरायकडे कल आहे, आणि त्यासाठी ॲब्लेशन, म्हणजे मांडीच्या शिरेतून तार घालून ती बिघडलेली जागा डागणं, हाही रस्ता आहे. त्यातलं आप्पांना काय बसतं ते समोर बघणारा डॉक्टरच सांगेल, मी इथं बसून नाही. तोवर दहा दिवसांचा खंड पडलेली गोळी स्वतःच परत चालू करू नका, विचारून करा, साठा अंगात आहे तेव्हा दोन-चार दिवसांनी आभाळ कोसळत नाही.

पण अपिक्साबॅनबद्दल माझं मत अजिबात मऊ नाही. त्यासाठी डॉक्टर एक साधा गुणांचा तक्ता वापरतात, आप्पांचे गुण आपणच मोजू. वय ६५ ते ७४ मध्ये, एक. बीपी, एक. शुगर, एक. कमजोर पंप, एक. झाले चार. पुरुषाला दोन किंवा जास्त झाले की गुठळीविरोधी गोळी द्यावी असं सगळीकडे मानतात. अशा गोळीनं स्ट्रोकचा धोका साधारण दोनतृतीयांश कमी होतो. आणि आप्पांना हे नक्की वाचून दाखवा, त्याच अफर्म चाचणीत ज्यांना स्ट्रोक आले त्यातले बहुतेक असे होते की ज्यांनी गुठळीविरोधी गोळी थांबवली होती किंवा तिची पातळी कमी पडली होती, आणि ताल सुधारलेल्या लोकांत "आता ठोके नीट आहेत" म्हणूनच ती थांबवली गेली होती. एएफ येतं-जातं, बऱ्याचदा माणसाला कळत नाही, रात्री झोपेत दोन तास येऊन जातं. घड्याळात ६० दिसतं म्हणून गुठळीची भीती गेली असं नाही, गुण चारचे चारच राहिले.

ही गोळी महाग वाटते म्हणून काही घरांत ५ ची अर्धी करून देतात. २.५ चा डोस असतो, पण तो वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, यातल्या दोन गोष्टी लागू असतील तरच. आप्पांच्या वजनाचं तुम्ही लिहिलं नाही, पण वय ७२ आहे तेव्हा नुसत्या वजनानं भागत नाही. खर्च जड जात असेल तर तसं डॉक्टरांना सरळ सांगा, वेगवेगळ्या कंपन्यांच्या किमतीत बराच फरक असतो. ॲसिट्रॉम या जुन्या गुठळीविरोधी गोळीवर बदलायचं असेल तर तेही डॉक्टरच ठरवतील, ती स्वस्त आहे पण आयएनआर (रक्त किती सावकाश गोठतं त्याचा आकडा) २ ते ३ मध्ये ठेवायला सतत रक्त तपासावं लागतं आणि अमिओडॅरॉन सोबत असेल तर तिचा डोस बराच कमी करावा लागतो. लहानपणच्या सांधेतापानं ज्यांची मायट्रल झडप आवळलीय किंवा ज्यांना मेटलची झडप बसवलीय त्यांना मात्र अपिक्साबॅनसारख्या नव्या गोळ्या चालत नाहीत, तिथं ॲसिट्रॉम-वॉरफेरिनच. आपल्या गावांकडे असे पेशंट अजून भरपूर आहेत, म्हणून लिहिलं.

आता ती दहा-अकराची चक्कर. मला खलबत्त्याचा संशय आहे. एक्सएल गोळी अशी बनवलेली असते की दिवसभर थोडं थोडं औषध सुटावं. आईंनी ती कुटली की दिवसाचं सगळं औषध सकाळीच एकदम रक्तात, दोन-तीन तासांनी बीपी आणि पल्स दोन्ही खाली, म्हणजे साधारण दहा-अकरालाच, आणि पहाटेपर्यंत काहीच शिल्लक नाही. मधे रेघ असेल तर त्या रेघेवर अर्धी तोडून दोन घास पाण्याबरोबर गिळलेली बहुतेक चालते, चावायची-कुटायची नाही. अपिक्साबॅन कुटली तर चालते, तिला तसा दोष नाही. पण संशय एकच नाही. अमिओडॅरॉन आणि मेटोप्रोलॉल मिळून पल्स खाली ओढतात, मंदावलेली थायरॉइड पण ओढते, तिन्ही एकत्र आल्या तर हृदय नको तेवढं सावकाश होऊ शकतं. म्हणून कुटणं थांबवल्यावर चक्कर गेली तरी एक ईसीजी काढाच. आणि घड्याळावर विसंबू नका, ताल वेडावाकडा असला की ती घड्याळं चुकतात. आईंना शिकवा, आप्पा पाच मिनिटं शांत बसल्यावर अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण साठ सेकंद मोजायचं, पंधरा सेकंद मोजून चारानं गुणायचं नाही. रोज एकदा, बीपीसोबत वहीत. ५० च्या खाली किंवा बसल्या जागी ११० च्या वर सलग आलं तर फोन. बेशुद्ध पडले, छातीत दुखलं, तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलं, तर फोन-बिन नाही, १०८ आणि सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल, आणि तिथं पहिलं वाक्य "अपिक्साबॅन चालू आहे, शेवटची अमुक वाजता घेतली". डोक्यावर पडले आणि वरून काही दिसत नसलं तरी दाखवायचं. शौचाला डांबरासारखी काळी झाली तरी.

मेडिकलमधून परस्पर काय आणायचं नाही ते पण आईंना सांगा. गुडघेदुखीला डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन नको, अपिक्साबॅनसोबत पोटात रक्तस्राव होतो, पॅरासिटामॉल चालते. सर्दीच्या ज्या गोळ्या नाक मोकळं करतात त्या बहुतेक धडधड वाढवतात. अझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिकं अमिओडॅरॉनसोबत ताल बिघडवू शकतात, आणि लक्षात घ्या, अमिओडॅरॉन बंद केली तरी पुढचे दोन-तीन महिने हे लागू आहे, कारण साठा आहे. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर तिचं नाव कार्डिओलॉजिस्टना सांगा, सिम्वास्टॅटिन असेल तर २० च्या वर जायचं नसतं. ग्रेपफ्रूटचा रस नको, आपला पपनस त्याचाच भाऊबंद, गणपतीत पानात आलाच तर आप्पांनी तो सोडावा. एकादशीला गोळी नको असं आप्पा म्हणत असतील तर अपिक्साबॅन उपाशीपोटी चालते आणि पाणी उपवासाला चालतं, तेव्हा ती पळवाट बंद.

राहिली वारी. फोन झाला, ईसीजीत पल्स बरी निघाली, चक्कर थांबली आणि डॉक्टर हो म्हणाले तर माझी हरकत नाही, पण दोन दिवस सलग नको. लोणंद ते तरडगाव हा पालखीचा टप्पा छोटा आहे आणि कराडहून जायला सोयीचा, सकाळी लवकर निघून जमेल तेवढं चालावं आणि दमले की सोबत्यांच्या गाडीत बसावं, टाळ वाजवत बसलं तरी वारी होते. एकटे नको. गर्दीत पिशव्या हरवतात, म्हणून अपिक्साबॅनची एक पट्टी सदऱ्याच्या आतल्या खिशात आणि एक सोबत्याकडे, संध्याकाळच्या गोळीच्या वेळेचा मोबाइलला अलार्म, आणि मराठीत लिहिलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात, त्यावर तिन्ही गोळ्यांची नावं, डोस, अमिओडॅरॉन कुठल्या तारखेपासून बंद आहे ते, शुगरची गोळी, आणि तुमचा नंबर.

आणि फॉलोअपला तुम्ही स्वतः कराडला जा, शक्य असेल तर. वही घेऊन जा. गर्दी असली तरी दोनच प्रश्न विचारायचे, अमिओडॅरॉन किती दिवस, आणि पुढचा एको कधी. बाकीचं वहीत दिसेलच त्यांना. काय ठरलं ते कळवा.